फवारणी, दादा आणि नसांमधली फट: सिग्नल 'थांबत नाही' म्हणजे नक्की काय?

निफाडची_थंडी (धागाकर्ता)

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

मागच्या आठवड्यात आमच्या चुलतभावाला (मोठा आहे, मी दादाच म्हणतो) फवारणीची विषबाधा झाली. द्राक्षाची गोडी छाटणी होऊन बाग फुलोऱ्यावर आलेला, फुलकिडे दिसायला लागले म्हणून सकाळी सातलाच पंप चालू केला, मधे नोझल चोक झालं तर पठ्ठ्याने तोंडाने फुंकून साफ केलं (हो, तोंडाने, त्यावरून शिव्या घालून झाल्यात, तुम्ही परत घालू नका), पाठीवर शर्ट औषधाने ओला तो तसाच अंगावर वाळवला आणि अकरापर्यंत दोन एकर उरकून टाकलं. घरी आला तो घामाने निथळत, तोंडातून लाळ, डोळ्यापुढे धुरकट, पोटात कळा. वहिनी म्हणाली ऊन लागलं, कांदा फोडून नाकाला लावला. मला खटकलं ते त्याच्या दंडाकडे बघून. कातडीखाली मांस वळवळत होतं, पावसात शेणाच्या गोवरीखाली गांडुळं वळवळतात ना तसं, आणि तो हात हलवत नव्हता!!

वाटेत एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन टोचून पुढे पाठवलं, नाव घेत नाही. नाशिकला पोचलो तर तिथल्या डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरी मारली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, आणि पहिला प्रश्न, "बाटली आणली का?" नव्हती आणली. अॅट्रोपिन (या विषाचा उतारा) चालू केलं, रात्रभर दर थोड्या वेळाने छाती ऐकायची, परत अॅट्रोपिन. मी विचारलं, साहेब नसा बंद पडल्या का? ते म्हणाले, "बंद पडल्या नाहीत, बंद होत नाहीयेत. सिग्नल गेला की थांबायला हवा, तो थांबतच नाहीये." आणि गेले पुढच्या पेशंटकडे.

तेव्हापासून डोक्यात तेच. माझ्या दहावीच्या ज्ञानाप्रमाणे नस म्हणजे वायर, मेंदू म्हणजे मेन स्विच. स्विच बंद केला की बल्ब बंद. मग थांबत नाही म्हणजे काय, आणि एका कीटकनाशकाला माझ्या भावाच्या नसांचा स्विच सापडला कसा? दादा आता शुद्धीत आहे, बोलतो, पण अजून अॅडमिट आहे. कोणी नीट सांगेल का, सोप्या भाषेत, पण मला येडा समजून नको.

---

सिडकोचा_केमिस्ट

आधी दादाला लवकर आराम पडो. पुढच्या वेळी (पुढची वेळ येऊ नये, पण तरी) बाटली किंवा निदान लेबल फाडून न्यायचंच, त्यावर उतारा काय द्यायचा ते छापलेलं असतं. आणि कपडे तिथल्या तिथे काढून साबणाने आंघोळ. ऑर्गॅनोफॉस्फेट (लक्षणांवरून दादाला बाधलेलं कीटकनाशक याच जातीचं दिसतंय) कातडीतून आत जातं, पोटात जायलाच हवं असं काही नाही. बाकी शास्त्र मॅडम सांगतील, त्या आल्याशिवाय राहणार नाहीत.

---

बायोवाल्या_मॅडम

आले बाबा आले. ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजला हेच शिकवलं, निवृत्त होऊन पण सुटका नाही.

निफाडकर, तुझी सगळी गडबड 'वायर' या शब्दात आहे. पहिली गोष्ट, नसेत वायरसारखा करंट वाहत नाही. नसेची पेशी आपल्या भिंतीच्या आतबाहेर मीठ वेगवेगळं ठेवते, सोडियम बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त, आणि त्यासाठी एक पंप अखंड चालू असतो, दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने उणे असते. म्हणजे धरण भरून ठेवल्यासारखं. सिग्नल येतो म्हणजे काय, तर एका जागचे सोडियमचे दरवाजे उघडतात, सोडियम भसकन आत, तेवढ्या जागचा भार उलटा होतो, त्याने शेजारचे दरवाजे उघडतात, मग त्याच्या शेजारचे. लवंगी फटाक्यांची माळ आठव. पहिली लवंगी जेवढ्या जोरात फुटते तेवढ्याच जोरात शेवटची, वाटेत आवाज कमी होत नाही. अर्धी लवंगी फुटत नाही, एकतर फुटते नाहीतर नाही. फरक इतकाच की नसेतली माळ एक-दोन मिलिसेकंदात परत भरून तयार.

जाड, चरबीचं वेष्टण असलेल्या नसांत हा निरोप सेकंदाला १०० मीटरच्या वरही जातो. वेष्टण नसलेल्या बारीक नसांत फार तर १-२ मीटर. पायाचं बोट उंबऱ्याला आपटलं की आधी 'सट्' होतं आणि मग जरा वेळाने तो ठणका येतो ना, त्या दोन वेगळ्या टपाली सेवा आहेत, एक मधल्या वेगाची आणि एक बैलगाडी.

आता मुद्द्याचं. ही माळ जिथे संपते तिथे पुढची पेशी चिकटलेली नसते. मधे फट असते, तिला सायनॅप्स म्हणतात. मेंदूत ती २० नॅनोमीटरच्या आसपास, नस आणि स्नायू भेटतात तिथे जरा मोठी, ५० वगैरे. आपला केस ८० हजार नॅनोमीटर जाड धर, म्हणजे कल्पना येईल. एवढीशी फट, पण वीज तिथे संपते. रामकुंडापाशी पूल नाही असं समज. फटफटीवर आलेला निरोप्या काठाशी थांबतो, मग होड्या सोडाव्या लागतात. नसेच्या टोकाला बारीक पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, एकेका पिशवीत रसायनाचे हजारो रेणू. सिग्नल टोकाला पोचला की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या भिंतीला चिकटून फुटतात, रसायन फटीत सांडतं आणि पलीकडच्या काठावर त्याच्या मापाची कुलपं असतात त्यात जाऊन बसतं. कुलूप उघडलं की तिथे परत सोडियम आत, परत नवी माळ. स्नायूंसाठी हे रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन.

आणि आता तुझ्या डॉक्टरांचं वाक्य. ती होडी पलीकडे लागली, निरोप दिला, पण होडी तिथेच राहिली तर? ती परत परत तोच निरोप देत राहील. म्हणून त्या फटीतच एक एन्झाइम ठाण मांडून बसलेलं असतं, अॅसिटिलकोलिनेस्टरेज. ते अॅसिटिलकोलिनचे दोन तुकडे करतं, एकेक रेणू सेकंदाला हजारोंच्या हिशोबाने. शरीरातल्या सगळ्यात चपळ एन्झाइमांपैकी एक. तुकड्यांतला कोलिन नस परत ओढून घेते आणि नवीन माल बनवते, भंगारात काही जात नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट जाऊन बसतं ते नेमकं या एन्झाइमच्या दातात. कापणाराच अडकला, मग फटीत अॅसिटिलकोलिन साचत जातं आणि प्रत्येक कुलूप उघडंच राहतं. लाळ गळते, घाम सुटतो, बाहुली आकसते, छातीत पाणी भरतं, दंड वळवळतो. दादाचा एकही सिग्नल अडला नव्हता. सगळे पोचले आणि कोणी परत गेलं नाही.

---

चष्मा_शोधतोय

मॅडम, लेख उत्तम पण होडीवर आक्षेप नोंदवतो. होडीला नावाडी असतो, दिशा असते. इथे कोणी वल्हवत नाही. रसायन फटीत सांडतं आणि पसरतं, जसा पाण्यात शाईचा थेंब. अंतर इतकं कमी की पसरायलाच मिलिसेकंदाचा अंश लागतो. काही पलीकडे लागतं, काही वाटेतच कापलं जातं, काही बाहेर वाहून जातं. एवढ्या भोंगळ पद्धतीवर तुम्ही सायकल चालवता हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं तेव्हा दोन दिवस सायकल चालवताना भीती वाटली होती.

---

बायोवाल्या_मॅडम

शाई मान्य. पण शाई म्हटलं तर वर्गात कोणाच्या लक्षात राहत नाही, होडी म्हटलं की राहते. पास झालीत पोरं होडीवर.

---

चष्मा_शोधतोय

:) बरं अवांतर, पण धाग्याला धरूनच. ही फट आहे की नाही यावरून दोन मोठ्या माणसांचं आयुष्यभर वाजलं होतं. इटलीतल्या गोल्जीने १८७३ मध्ये एका छोट्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात केलेल्या प्रयोगशाळेत एक रंग शोधला, आधी पोटॅशियम डायक्रोमेट मग सिल्व्हर नायट्रेट, त्याने मेंदूच्या कापातल्या हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात पण ज्या होतात त्या फांद्या-मुळांसकट पूर्ण. (सगळ्या झाल्या असत्या तर नुसता काळा ठिपका दिसला असता.) गोल्जी म्हणाला हे सगळं एकसंध जाळं आहे, मासेमारीच्या जाळ्यासारखं, कुठेही तुटत नाही. स्पेनच्या काहालने त्याचाच रंग घेतला, तशाच काचा बघितल्या आणि १८८८ पासून सांगायला लागला की नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे, टोकं एकमेकांजवळ येतात पण मिसळत नाहीत. काहालला मुळात चित्रकार व्हायचं होतं, बापाने डॉक्टर केलं, त्याची ती शाईची चित्रं अजून पुस्तकात छापतात. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं!! आणि गोल्जीने बक्षीस घेताना केलेल्या भाषणात काय केलं असेल, तर काहालच्या मताचा समाचार घेतला. आपल्याकडच्या लग्नात मानपानावरून रुसलेले दोन व्याही एकाच सोफ्यावर बसवावेत तसं.

सायनॅप्स हा शब्द इंग्लंडच्या शेरिंग्टनने १८९७ मध्ये आणला तेव्हा ती फट कोणी बघितलेली पण नव्हती. साध्या मायक्रोस्कोपला ती दिसूच शकत नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आले तेव्हा दिसली. काहाल १९३४ लाच गेला होता.

(आणि गोल्जी अगदीच चुकला नव्हता हो, काही ठिकाणी दोन पेशींत थेट बोगदे असतात, वीज सरळ पलीकडे जाते. पण ते कमी.)

---

निफाडची_थंडी

मॅडम, हात जोडले. आत्ता कुठे पेटली बत्ती. म्हणजे दारं धरल्यासारखं आहे हे, वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घालायचं, आणि तो दारं मोडणारा गडीच बांधावर झोपला तर पाणी एकाच वाफ्यात, पीक सडणार. पाणी जास्त आलेलं नाही, पाटाची पण चूक नाही.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या रात्री दादा वेड्यासारखं करायला लागला, हवेतून काहीतरी वेचत होता, म्हणे द्राक्षाचे मणी खाली पडू राहिले, गोळा करा. अंग तापलं, तोंड कोरडं, चेहरा लालबुंद. मला वाटलं विष मेंदूत गेलं.

---

रात्रपाळीची_सिस्टर

भाऊ, ते विष नसेल, बहुतेक अॅट्रोपिन जास्त झालं असेल. असं होतं, आम्ही बघतो. अॅट्रोपिन त्या कुलपात जाऊन बसतं पण उघडत नाही, नुसतं भोक बुजवतं, म्हणजे बाहेर कितीही अॅसिटिलकोलिन साचलं तरी आत घुसत नाही. कमी दिलं तर छातीत पाणी, जास्त दिलं तर पेशंट भ्रमात. म्हणून रात्रभर छाती ऐकायची, नाडी मोजायची, काखेत हात घालून घाम सुकला का बघायचं. नातेवाईकांना वाटतं सिस्टर काखेत काय चाचपते. बाहुलीवर एकटीवर भरवसा ठेवत नाहीत, छाती कोरडी झाली पाहिजे हे महत्त्वाचं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, कुलपं दोन जातीची असतात. लाळ, घाम, छाती, बाहुली यांची एक जात, तिथे अॅट्रोपिन चालतं. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंची दुसरी जात, तिथे अॅट्रोपिनला कोणी विचारत नाही. म्हणूनच पेशंट दुसऱ्या दिवशी उठून बसला, चहा मागितला, की घरचे डिस्चार्ज डिस्चार्ज करतात आणि आम्ही सोडत नाही. एक ते चार दिवसांत काही पेशंटची मान लुळी पडते आणि मागोमाग श्वास. आम्ही विचारतो, काका उशीवरून डोकं उचला बरं. उचललं की हायसं वाटतं. दादाला विचारलं का असं कोणी?

---

निफाडची_थंडी

रोज सकाळ-संध्याकाळ!! दादा वैतागून म्हणाला, यांना माझ्या मानेचं काय पडलंय एवढं. आता सांगतो त्याला.

---

पंचवटीचा_पोपट

हे अॅट्रोपिन धोत्र्यातच असतं ना? आमचे आजोबा सांगायचे विषाला विष उतारा. कपालेश्वराला श्रावणात ढीगभर धोत्र्याची फळं वाहतात लोक, गावात कोणाला औषध लागलं तर तेच उगाळून दिलं असतं तर वेळ वाचला असता की, हॉस्पिटल गाठेपर्यंत.

---

रात्रपाळीची_सिस्टर

अजिबात नको!!! कृपा करून हा प्रतिसाद वाचून कोणी असलं काही करू नका.

---

सिडकोचा_केमिस्ट

पोपटराव, धोत्र्यात त्या कुळातली रसायनं असतात हे खरं, आणि आजोबांचं सूत्रही कागदावर बरोबर बसतं, धोत्रा खाल्लेल्या माणसाची बाहुली मोठी, तोंड कोरडं, अंग तापलेलं, बडबड, म्हणजे दादाच्या पहिल्या दिवसाच्या बरोबर उलटं. पण एका फळात किती आहे हे झाडाझाडाला वेगळं, फळ आणि बी वेगळं. वर सिस्टरनी सांगितलं ना, मोजून मापून देताना पण भ्रम होतो. आणि लाळ गळतेय, उलटी होतेय अशा माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते फुफ्फुसात जाणार. १०८ ला फोन, कपडे काढा, धुवा, कुशीवर झोपवा, बाटली घ्या. उलटी करवायची नाही, मीठपाणी नाही, दूध नाही, धोत्रा तर नाहीच. धोत्रा महादेवाला राहू द्या, त्यांना पचतो.

---

पंचवटीचा_पोपट

बरं बाबा, मागे घेतलं. आजोबा पण कधी देताना दिसले नव्हते, नुसतं सांगायचे.

---

सिडकोचा_केमिस्ट

निफाडकर, तुमचा दुसरा प्रश्न राहिला, किड्याच्या औषधाला भावाचा स्विच कसा सापडला. अहो स्विच एकच आहे. किड्याच्या मेंदूत निरोप नेणारं मुख्य रसायनच अॅसिटिलकोलिन, आणि कापणारं एन्झाइम पण तेच घराणं. आधी कृषी सेवा केंद्रात चार वर्षं काम केलंय म्हणून सांगतो, ते मागचं कपाट उघडलं की नसांचं अख्खं पुस्तक असतं तिथे. क्लोरपायरीफॉस, पूर्वीचं मोनोक्रोटोफॉस, ही एन्झाइम अडकवणारी. कार्बामेटवाली पण तिथेच बसतात पण काही तासांत सुटतात. इमिडाक्लोप्रिड एन्झाइमच्या वाटेला जात नाही, ते स्वतःच खोटी किल्ली बनून कुलपात बसतं, आणि एन्झाइमला ते कापता येत नाही. आपल्या कुलपापेक्षा किड्याच्या कुलपात ते जास्त घट्ट बसतं म्हणून माणसाला त्यामानाने कमी धोका, कमी म्हणजे शून्य नव्हे. लॅम्डा वगैरे पायरेथ्रॉइड, शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलात मूळ रसायन सापडलं, ती फटीत जातच नाहीत, मॅडमच्या माळेवरचे सोडियमचे दरवाजे मिटू देत नाहीत. अबामेक्टीन तिसऱ्याच दारातून, क्लोराइड आत सोडून किडा लुळा करतं.

आता शेतकरी काय करतो, लॅम्डाने थ्रिप्स (फुलकिडे) मेले नाहीत की दुसऱ्या कंपनीचा पायरेथ्रॉइड आणतो. नाव वेगळं, डबा वेगळा, दरवाजा तोच. मग किडा त्या दरवाजाची रचनाच बदलून बसतो आणि आपण डोस वाढवत बसतो. दुकानदाराला नाव विचारू नका, ग्रुप नंबर विचारा. १ नंबर एन्झाइमवाले, ३ सोडियमवाले, ४ खोटी किल्ली, ६ अबामेक्टीन. एकाच नंबरची फवारणी मागोमाग नको. डब्यावरचा त्रिकोण पण बघत जा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

जाता जाता, जर्मनीत १९३० च्या दशकात श्राडर नावाचा केमिस्ट किड्यांसाठीच असली रसायनं करत होता, त्यातून १९३६ ला टाबुन आणि १९३८ ला सरीन निघालं. नर्व्ह गॅस. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सोडला होता तो सरीनच. आपल्या शेडमधल्या डब्याचा हा थोरला भाऊ.

---

कॉलेजरोडची_मावशी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. माझ्या सासूबाईंना मायस्थेनिया आहे. सकाळी ठणठणीत, संध्याकाळ झाली की पापण्या खाली, पोळीचा घास चावता चावता जबडा दमतो. आम्हाला सुरुवातीला वाटलं वय झालं, नंतर वाटलं नाटकं करतात (आता लाज वाटते). त्यांना पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आहेत. मी हा धागा वाचून गोळीची माहिती वाचली तर काय, ती गोळी तेच एन्झाइम अडवते! माझ्या पोटात गोळाच आला. म्हणजे मी रोज सासूबाईंना दिवसातून चार वेळा दादाला बाधलेलं विषच देते का?

---

बायोवाल्या_मॅडम

मावशी, घाबरू नका, गोळी बंद तर अजिबात करू नका. एकच फट आहे, बिघाड वेगळा आहे. दादाकडे कुलपं पूर्ण होती, रसायन जास्त झालं. सासूबाईंच्या शरीराने स्वतःचीच कुलपं शत्रू समजून मोडलीत, कुलपंच कमी. म्हणून आलेलं रसायन जरा जास्त वेळ फटीत रेंगाळू दिलं, तर उरलेल्या कुलपांना दोनदा-तीनदा संधी मिळते. गोळी एन्झाइमला थोडं आणि काही तासच अडवते, मग सुटतं. म्हणून तर चार वेळा. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरीणबाईंनी हे करून दाखवलं, त्यांच्या लक्षात आलं की या पेशंटचं सगळं क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं विष) लागलेल्या माणसासारखं दिसतंय, मग क्युरारेचा उताराच देऊन बघू. दिला आणि पापण्या वर गेल्या. बाकी डोस कधी चुकून दोनदा गेला तर लाळ, पोटात मुरडा, घाम होतो का ते बघायचं आणि डॉक्टरांना फोन. ही लक्षणं का होतात ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

---

रात्रपाळीची_सिस्टर

मॅडमना जोड देते. पावसाळ्यात आमच्याकडे साप चावलेले येतात, त्यात मण्यार आणि नाग दोघांत पापण्या पडतात पण कारण वेगळं. नागाचं विष पलीकडच्या काठावरच्या कुलपात बसतं, मण्यारीचं मुख्यतः अलीकडच्या काठावरची नसेची टोकंच खराब करतं, माल सांडायलाच नको. म्हणून मण्यारवाला पेशंट व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहतो, टोकं नवी तयार व्हायला वेळ लागतो. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखत पण नाही, खूण पण दिसत नाही. सकाळी पोरगं म्हणतं डोळे उघडत नाहीत. आईबाप म्हणतात झोप झाली नाही. शेतात वस्तीवर राहणाऱ्यांनी खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

---

तर्रीबाज

एवढं गंभीर चाललंय तर एक हलका प्रश्न. मिसळीची तर्री तिखट लागते ती पण याच फटीमुळे का? काल दोन वाट्या एक्स्ट्रा घेतल्या, कान गरम झाले, नाक गळायला लागलं, पाणी प्यायलो तर उलटं वाढलं.

---

बायोवाल्या_मॅडम

सुरुवात फटीच्या आधी आहे. जिभेतल्या दुखण्याच्या नसांच्या टोकावर एक दरवाजा असतो, तो ४३ अंशांच्या वर गरम लागलं की उघडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन तोच दरवाजा न तापवता उघडतं, म्हणून मेंदूला वाटतं तोंड भाजलं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियसच्या लॅबने तो दरवाजा शोधला, २०२१ चं नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने फक्त तोंडभर फिरतं. मिसळीबरोबर दही देतात ते काय शोभेला? नाक गळतं ते मात्र अॅसिटिलकोलिनच, भाजलेलं धुऊन काढायला. तुझी दोन वाट्यांची विषबाधा समज.

---

चष्मा_शोधतोय

कोणी ओटो लोवीची गोष्ट सांगितली नाही म्हणून सांगतो, मग झोपतो. फट आहे हे मान्य झालं तरी पलीकडे ठिणगी उडते की रस जातो यावर भांडण होतंच. लोवीला ईस्टरच्या रात्री स्वप्नात प्रयोग दिसला, अंधारातच कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःला लागेना. अख्खा दिवस डोकं खाजवण्यात गेला. दुसऱ्या रात्री तीनला परत तेच स्वप्न पडलं, या खेपेला उठून सरळ लॅबमध्ये. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही खारट पाण्यात धडधडतायत. एकाच्या वेगस नसेला (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) विजेचा झटका दिला, ते मंद झालं. त्याच्या भोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्यावर टाकलं, त्याला नसच लावलेली नाही, तरी ते पण मंद झालं! म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. १९२१ ला छापलं, १९३६ ला हेन्री डेल या इंग्लिश शास्त्रज्ञाबरोबर नोबेल. १९३८ मध्ये नाझींनी पकडलं, आणि देश सोडू देण्याआधी त्या नोबेलचे पैसे स्वीडनमधल्या बँकेतून नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळवून घेतले.

ते 'काहीतरी' म्हणजे अॅसिटिलकोलिन. दादाच्या फटीत साचलेलं तेच.

---

निफाडची_थंडी

अपडेट देतो. काल दादा घरी आला. नवव्या दिवशी. रक्तातल्या त्या एन्झाइमचा रिपोर्ट अजून कमीच आहे, डॉक्टर म्हणाले ते भरून यायला आठवडे लागतात, तोपर्यंत औषधाच्या वासाला पण उभं राहायचं नाही, आधीच गडी कमी, त्यात परत फवारा घेतला तर थोड्याने पण बाधेल.

मी त्याला धागा वाचून दाखवला, होडी, शाई, माळ, दारं धरणारा गडी सगळं. ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय तर, "मग ते थ्रिप्स पण असेच लाळ गाळत मेले असतील का रे?" मी म्हटलं मला काय माहीत, तू वाचलास ते बघ. मग बराच वेळ दंडाकडे बघत बसला.

केमिस्ट भाऊ, शेडमधले डबे काढून ग्रुप नंबर लावून बघितले. सात डब्यांत चार एकाच नंबरचे निघाले, चारही वेगळ्या कंपनीचे. दोन डब्यांची लेबलं तर पाण्याने गेलेलीच, कशाचे आहेत देव जाणे.

बाग अजून फुलोऱ्यात आहे, कोणाला तरी फवारायला लागणारच, मी ट्रॅक्टरवर बसतो म्हटलं. तर पंपाच्या शेडची चावी कुठे मिळेना. वहिनीला विचारलं, ती काहीच बोलली नाही. आज सकाळी कालवणाला फोडणी देताना सापडली, मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली.